जालन्यात स्पॅनिश? हो, पण मराठी-उर्दूतून

२०२५च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात तिसऱ्या भाषेवरून जेवढं बोललं गेलं, तेवढं त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोललं गेलं नसेल. १६ एप्रिलला मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला. विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट त्यात होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या गदारोळात ‘कोणती भाषा?’ हा प्रश्न शंभरदा विचारला गेला. मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या भाषांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारला.

उर्दू माध्यमाच्या शाळा या वादात जवळजवळ नव्हत्याच, कारण तिथे तीन भाषा आधीपासून आहेत: माध्यमाची उर्दू, राज्याची मराठी आणि इंग्रजी. प्रत्यक्षात जालन्यातल्या आमच्या मोहल्ल्यातलं मूल त्याहून जास्त भाषांत वावरतं. घरात ते दखनी बोलतं, जिच्यातलं ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’चंच भावंड आहे. कुरआन वाचण्यापुरती अरबी लिपी त्याला येते. सिनेमातून हिंदी येते. बाजारात, एसटीत, दवाखान्यात मराठी असते. एवढ्या भाषांच्या मुलाला आपण काय सांगतो? ‘तुझं मराठी कच्चं आहे, तुझं इंग्रजी कच्चं आहे, आणि उर्दूला पुढे वाव नाही.’ म्हणजे पाच भाषा कानावर असलेलं मूल स्वतःला भाषेत नापास समजतं.

अशा मुलांना आठवी-नववीत स्पॅनिश शिकवावी, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला हे विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर मांडतो.

मी जालन्याचा. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलो, नंतर अभियांत्रिकी केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या मराठीला हसणारे होते, इंग्रजीला हसणारेही होते. स्पॅनिश मी नोकरी लागल्यावर शिकलो, कारण आमच्या प्रकल्पाची अर्धी माणसं मेक्सिकोत होती. पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले की मेक्सिको सिटीत सकाळचे आठ वाजतात, आणि त्या तासाभरात सगळं ठरतं. गेली दोन वर्षं मी दर रविवारी जालन्यातल्या आठवी-नववीच्या वीसेक मुला-मुलींना व्हिडिओ कॉलवरून स्पॅनिश शिकवतो. महिन्यातून एकदा जालन्याला गेलो की समोर बसून शिकवतो. फी नाही, परीक्षा नाही. पुढे जे लिहितो आहे, ते या वर्गात दिसलेलं आहे.

स्पॅनिशच का, याचं नेहमीचं उत्तर आकड्यांत दिलं जातं. ते खरंही आहे. वीस देशांची ती अधिकृत भाषा आहे. सुमारे पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. एकट्या अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत अरबीच्या शेजारी ती बसते. पण हे आकडे दाखवून पालकांना नोकरीचं आमिष दाखवणं मला मान्य नाही. नुसत्या स्पॅनिशवर नोकरी मिळत नाही. हातात दुसरं एखादं कौशल्य असेल, तर तिच्यामुळे त्याची किंमत वाढते, एवढंच. माझं कारण वेगळं आहे. स्पॅनिश ही आपल्या मुलांना आश्चर्य वाटावं इतकी सोपी जाणारी भाषा आहे. अट एकच, ती इंग्रजीतून शिकवायची नाही.

एक उदाहरण घ्या. ‘मला आंबा आवडतो’ हे इंग्रजीत सांगताना वाक्य उलटं करावं लागतं. तिथे आवडण्याचा कर्ता ‘मी’ होतो. स्पॅनिशमध्ये म्हणतात, ‘मे गुस्ता एल मांगो’. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’ होतं, स्पॅनिशमध्ये ‘गुस्तान’ होतं. उर्दूत ‘मुझे आम पसंद है’, तीच मांडणी. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे वाक्य समजवायला अख्खा धडा लागतो आणि तरी तो महिनाभर चुकतो. माझ्या वर्गात हे एका वाक्यात झालं: ‘मराठीत म्हणता तसंच म्हणा.’ डोकं दुखतं तेही तसंच. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे शब्दशः ‘मला दुखतं डोकं’.

क्रियापदाचंही तसंच. ‘बोलतो’, ‘बोलतोस’, ‘बोलतात’ यांत कर्ता क्रियापदाच्या शेपटीत असतो, म्हणून ‘मी’ किंवा ‘तू’ गाळला तरी चालतो. स्पॅनिशमध्येही ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्लास’ म्हणजे तू बोलतोस. आणि ‘तू’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? ‘तू’च म्हणतात. मोठ्यांना ‘उस्तेद’, जसं आपण ‘आपण’ म्हणतो. घरात कुणाला ‘तू’ आणि कुणाला ‘आप’ म्हणायचं, हे कळणाऱ्या मुलाला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

उच्चारांतही इंग्रजी शाळेतलं मूल पुढे नसतं. स्पॅनिशचे त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखे. स्वर मुख्यतः पाच, आणि लिहिलं तसं वाचायचं. मूक ‘एच’सारखे मोजके अपवाद लक्षात ठेवले की झालं. ‘जे’ अक्षराचा उच्चार उर्दूच्या ख़े च्या जवळ जातो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना तो महिनोन्‌महिने जमला नव्हता. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीनं ‘त्राबाख़ो’, म्हणजे काम, हा शब्द पहिल्यांदाच बरोबर म्हटला. ज्या उच्चारामुळे तिला ‘उर्दूवाली’ म्हणतात, तोच उच्चार तिथे कामाला आला.

आता अवघड काय आहे तेही सांगतो. ‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ती कुठे कोणतं घ्यायचं यात सगळे अडखळतात. भूतकाळाचे प्रकार त्रास देतात. नामांचं लिंग पाठ करावं लागतं. पण या शेवटच्या अडचणीतून एक फायदा निघाला. आम्ही फळ्यावर तीन रकाने केले: मराठी, उर्दू, स्पॅनिश. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, उर्दूतली किताब स्त्रीलिंगी, स्पॅनिशचं ‘लीब्रो’ पुल्लिंगी. दूध मराठीत नपुंसकलिंगी, उर्दूत पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये ‘लेचे’ स्त्रीलिंगी. उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी जिथे हमखास घसरते, ती जागा नपुंसकलिंगाची. ‘तो पुस्तक’ म्हटलं की वर्ग हसतो आणि मूल गप्प बसतं. तीन रकाने समोर आले तेव्हा मुलांना कळलं की यात अक्कल कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नाही, प्रत्येक भाषेनं आपापलं ठरवलं आहे. त्यानंतर मराठीच्या चुका आम्ही मोकळेपणानं काढू लागलो. स्पॅनिशच्या तासाला मराठी सुधारते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या मुद्द्याचा गाभा इथेच आहे. आपल्याकडे अनेक मुलांचं, आणि त्याहून जास्त मुलींचं शिक्षण दहावीनंतर अडखळतं. गरिबी हे एक कारण, दूरचं कॉलेज हे दुसरं. पण तिसरं कारण फारसं बोललं जात नाही: माध्यम बदलण्याची भीती. अकरावीला शास्त्र शाखा घेतली की सगळं इंग्रजीत. आयटीआयला किंवा सरकारी भरतीला गेलं की सगळं मराठीत. भाषेची ही भिंत ओलांडायला मुलाजवळ एकच अनुभव असावा लागतो, की ‘न येणारी भाषा मी एकदा शिकलो आहे’. मराठी आणि इंग्रजी हा अनुभव देत नाहीत, कारण त्या पहिलीपासून मार्कांच्या धाकात येतात. स्पॅनिशच्या पहिल्या दिवशी सगळेच शून्यावर असतात. कुणी हसणारं नसतं, कारण कुणालाच येत नाही. सहा महिन्यांनी मूल स्वतःची ओळख करून देतं, बाजारातले भाव विचारतं, घरच्या माणसांबद्दल पाच वाक्यं बोलतं. तेव्हा त्याला जो विश्वास येतो, तो त्याला दहावीनंतरच्या भिंतीपाशी लागणार आहे.

शब्दांचंही थोडं सांगतो, कारण मुलांना त्यात सगळ्यात जास्त मजा येते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेला ‘पगार’ स्पॅनिशमध्येही सापडतो. तिथे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. दाराची ‘बिजागरी’ तिथे ‘बिसाग्रा’ आहे. अरबीतून गेलेले शब्द तर हजारोंनी आहेत. कापसाला ‘अल्गोदोन’ म्हणतात. मुलं ज्याला कंटाळतात त्या गृहपाठाचा ‘तारेआ’ हा शब्दही अरबीतला. कलिंगड म्हणजे ‘सान्दिया’, मुळात ‘सिंधचं’ फळ. ‘असं होवो’ म्हणायला स्पॅनिश माणूस ‘ओख़ाला’ म्हणतो, त्यात अल्लाहचं नाव दडलेलं आहे हे बहुतेकदा त्याच्या ध्यानातही नसतं. आणि साखर? संस्कृत शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि स्पेनमध्ये जाऊन ‘असूकार’ झाली.

इथे आपल्या समाजानं एका मोहापासून सावध राहायला हवं. स्पेनचं नाव निघालं की आपल्या जलशांत कुर्तुबा आणि गरनाताच्या आठवणी निघतात, उसासे टाकले जातात. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याची मशीद पाहून आले, आणि त्यांची त्यावरची नज्म १९३५च्या ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये आली. ती पाठ असलेली माणसं जालन्यातही भेटतात. पण त्या मशिदीबाहेरची पाटी वाचता येईल असा माणूस आपण किती शहरांत तयार केला? गेलेल्या सत्तेचा शोक करायला भाषा लागत नाही, जिवंत माणसांशी बोलायला लागते. शर्करेचा प्रवासही मी ‘हे सगळं आपलंच होतं’ म्हणायला शिकवत नाही. एक शब्द चार भाषांच्या हातांतून गेला आणि तो कुणा एकाच्या मालकीचा राहिला नाही, हे मुलांना दिसावं म्हणून शिकवतो. मराठी विरुद्ध उर्दू, उर्दू विरुद्ध हिंदी अशी भांडणं ऐकत वाढणाऱ्या मुलांना ते दिसणं गरजेचं आहे.

म्हणूनच सक्तीला माझा विरोध आहे. मराठवाड्याला भाषेच्या सक्तीचा अनुभव जुना आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं. कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू होतं. विद्यापीठात भारतीय भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण ज्याची मायबोली मराठी होती त्या मुलाला आपल्याच गावात परक्या भाषेतून शिकावं लागलं, हेही तितकंच खरं. तेव्हाचं मराठी मूल आणि आजचं उर्दू माध्यमाचं मूल यांचं दुःख सारखंच आहे. ज्या समाजाला हे कळतं, त्यानं कुणावरही भाषा लादू नये.

वरून आणलेली भाषा टिकतही नाही. केंद्रीय विद्यालयांत २०११च्या करारानुसार जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारनं ती थांबवली आणि वर्षाच्या मधेच हजारो मुलांना संस्कृतकडे वळावं लागलं. जर्मन चांगली की संस्कृत, हा माझा मुद्दा नाही. दोन कार्यालयांतल्या करारावर उभी असलेली भाषा एका सहीनं जाते, एवढंच मला म्हणायचं आहे.

याउलट आपल्या शेजारचं गाडीवाट पाहा. औरंगाबाद शहरापासून साधारण २५ किलोमीटरवरचं हे गाव, आणि तिथली जिल्हा परिषदेची शाळा. २०१९ मध्ये शाळेनं परदेशी भाषा शिकवायचं ठरवलं तेव्हा कोणती, हे आधी मुलांनाच विचारलं. बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ होती. पुढे एका भाषातज्ज्ञांनी मोबदला न घेता ऑनलाइन वर्ग घेतले. खेड्यातल्या सरकारी शाळेत हे होऊ शकतं, तर जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या शाळांत का नाही?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: ‘आधी मराठी-इंग्रजी तर नीट येऊ द्या.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. ज्या मुलाला मराठीचा परिच्छेद वाचता येत नाही, त्याला आधी तेच शिकवायला हवं. पण आठवी-नववीतल्या मुलाला तेच पुस्तक चौथ्यांदा वाचायला देऊन फरक पडत नाही, हे शिक्षकांनाही माहीत आहे. आपल्या भाषेची रचना बाहेरून पाहायला मिळाली तर पडतो.

दुसरा: ‘फोनवर भाषांतर होतं, मग शिकायचं कशाला?’ माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून सांगतो, भाषांतराची ॲप खरंच चांगली झाली आहेत आणि अजून सुधारतील. पण फोन मुलाचं वाक्य पलीकडे नेऊन देतो, त्यानं मुलाच्या आत काही बदलत नाही. कॅल्क्युलेटर आला म्हणून आपण पाढे सोडले नाहीत.

तिसरा आक्षेप खरा अडचणीचा आहे: शिक्षक कुठून आणायचे? स्पॅनिश शिकवणारे लोक मोठ्या शहरांत असतात आणि तिथेही महाग पडतात. माझ्या मते बाहेरून माणूस आणण्यापेक्षा शाळेतल्याच एका उर्दू किंवा मराठीच्या शिक्षकाला दोन वर्षांत प्राथमिक पातळीपर्यंत तयार करावं. पहिल्या पातळीच्या मुलांना शिकवायला तेवढं पुरतं, आणि व्याकरण मुलांच्या भाषेतून समजावणं त्यांनाच सगळ्यात चांगलं जमेल. बाहेरगावी नोकरी करणारे आमच्यासारखे माजी विद्यार्थी आठवड्याला एक तास ऑनलाइन देऊ शकतात. सर्व्हांतेस संस्थेचं दिल्लीत केंद्र आहे आणि तिचं बरंच साहित्य इंटरनेटवर मोफत आहे. तिच्याच ‘देले’ परीक्षेत शाळकरी मुलांसाठी वेगळी प्रश्नपत्रिका असते आणि मिळालेलं प्रमाणपत्र कधी कालबाह्य होत नाही. ज्याला हवी त्यानं ती द्यावी.

कागदावर याला जागा आहे का? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिक स्तरावर ज्या परदेशी भाषांची नावं घेतली आहेत, त्यांत स्पॅनिश आहे. पण त्याच धोरणानुसार तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात, आणि उर्दू, मराठी, इंग्रजी मिळून आपल्या शाळांचे तीन रकाने भरलेले आहेत. म्हणजे गुणपत्रिकेत स्पॅनिश बसवायला यांतली एक काढावी लागेल. ते मी कधीच सुचवणार नाही. मराठी काढणं म्हणजे मुलाला त्याच्या राज्यातून तोडणं, उर्दू काढणं म्हणजे घरातून. म्हणून स्पॅनिश शाळा सुटल्यावर असावी, आठवड्यातून दोन तास, ज्याला हवी त्याला, आणि मार्कांशिवाय. सरकारकडून पैसे नसले तरी चालतील, एक कागद मात्र हवा: शाळेची खोली, इंटरनेट आणि शिक्षकाचा तो वेळ कामाचा धरला जाईल, असं सांगणारा.

बाकीचं आपल्या हातात आहे. जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. बियाणं आणि स्टीलच्या जोरावर या शहरानं नाव कमावलं. इथले संस्थाचालक लग्नाच्या हॉलला आणि कमानीला देणग्या मिळवतात, तेवढ्यात एका शाळेचा वर्ग पाच वर्षं चालेल. येत्या जूनपासून जिल्ह्यातल्या चार शाळांनी, दोन उर्दू आणि दोन मराठी माध्यमाच्या, मिळून एक वर्ग सुरू करावा असं मला वाटतं. शनिवारी दुपारी दोन्ही माध्यमांची मुलं एकाच खोलीत, एकाच बाकावर बसलेली. दोघांनाही न येणारी भाषा असेल, आणि ती समजून घ्यायला मराठीच्या मुलाला उर्दू आणि उर्दूच्या मुलाला मराठी विचारावी लागेल. एका जिल्ह्यात राहून ही मुलं एरवी एका वर्गात कधी बसतात? ज्या मुख्याध्यापकांना हे करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी माझा रविवार मोकळा आहे.